शिंपल्याचे वय आणि सरसकट चारशे

समुद्रातल्या शिंपल्याचे कार्बन-१४ वय मोजले की ते खऱ्या वयापेक्षा जास्त भरते. १९४० साली जिवंत गोळा केलेल्या कालवाचे कवच प्रयोगशाळेत दिले, तर आकडा असा येतो की ते कालव चार-सहाशे वर्षांपूर्वीच मेले असावे. म्हणून अशा वयात दुरुस्ती करावी लागते. या दुरुस्तीबद्दल दोन मते वारंवार ऐकू येतात. पहिले मत असे: जिवंत प्राण्याला शेकडो वर्षांचा ठरवणारी पद्धत मुळातच खोटी आहे आणि दुरुस्ती म्हणजे हवा तो आकडा आणण्याची पळवाट. दुसरे मत शिकल्यासवरल्यांचे: समुद्री शिंपल्याचा फरक चारशे वर्षांचा असतो, तेवढी वजा केली की काम झाले. पहिले मत पद्धत मोडीत काढते, दुसरे तिची भलामण करते, पण चूक दोघांचीही एकच आहे. जास्तीची वर्षे कवचाची किंवा प्रयोगशाळेची आहेत असे दोघेही धरून चालतात. ती वर्षे पाण्याची असतात. कुठल्या पाण्याची, हे कळल्याशिवाय कुठलाही आकडा वजा करण्यात अर्थ नाही, आणि ते कळले की पळवाटेचा आरोपही उरत नाही.

कार्बन-१४ वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांमुळे तयार होतो. झाडे तो हवेतून थेट घेतात, त्यामुळे जिवंत झाडातले त्याचे प्रमाण हवेशी जुळते. समुद्राचे तसे नाही. हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या सुमारे पन्नास-साठ पट समुद्रात विरघळलेला आहे, आणि त्यातला बहुतेक खोल पाण्यात. खोल गेलेले पाणी शेकडो वर्षे हवेचे तोंड पाहत नाही. उत्तर पॅसिफिकच्या तळाशी असलेल्या पाण्याचे कार्बन-१४ वय दोन हजार वर्षांच्या घरात जाते. त्या मुदतीत नवा कार्बन-१४ मिळत नाही आणि जुना दर ८३ वर्षांना सुमारे एक टक्का या दराने क्षीण होत राहतो. हे पाणी वर येऊन पृष्ठभागावरच्या पाण्यात मिसळले की पृष्ठभागावरही सुमारे पाच टक्क्यांची तूट राहते. पाच टक्के म्हणजे चारशे वर्षे. शिंपला आपले कवच पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटपासून बांधतो, म्हणून ही तूट जशीच्या तशी कवचात उतरते. प्रयोगशाळा तूट बरोबर मोजते. तिचा अर्थ लावताना ‘हवेतून घेतलेला कार्बन’ असे धरले तर ती चूक वाचणाऱ्याची.

पद्धत खोटी ठरवणाऱ्यांचा आवडता पुरावा अमेरिकेतला आहे. १९६३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात कीथ आणि अँडरसन यांनी नदीतल्या आधुनिक शिंपल्यांची कार्बन-१४ वये भलतीच जास्त येतात हे दाखवले. १९८४ साली त्याच नियतकालिकात रिग्ज यांनी त्याहून मोठे उदाहरण मांडले. दक्षिण नेवाडातल्या झऱ्यांत जिवंत असलेल्या गोगलगायींच्या कवचात आधुनिक प्रमाणाच्या केवळ ३.३ टक्के कार्बन-१४ होता, म्हणजे वय २७,००० वर्षे. हे दोन आकडे तेवढे उचलून मिरवले जातात आणि त्या लेखांतली कारणे तिथेच ठेवली जातात. रिग्ज यांनी झऱ्याच्या पाण्यातला बायकार्बोनेटही तपासला होता. कवच आणि पाणी एकमेकांशी जुळत होते. म्हणजे जमिनीखालून वर येणारे पाणीच जुन्या, निःसत्त्व कार्बनने भरलेले होते आणि गोगलगायीने तेच वापरले.

ती गोगलगाय कोणती, हे या वादात सहसा कोणी सांगत नाही. तिचे शास्त्रीय नाव मेलॅनॉइडीस ट्युबरक्युलाटा. निमुळती, लांबट, पिळाच्या कवचाची ही गोगलगाय नेवाडाची मूळ रहिवासी नाही, ती आफ्रिका-आशियातून तिकडे गेली. भारतात तळी, कालवे, पाझराचे ओहोळ अशा ठिकाणी ती सर्रास आढळते. तिच्या शरीरात कार्बन म्हातारा करणारे काही असते, तर भारतातल्या प्रत्येक तळ्यातल्या तिच्या कवचाचे वय २७,००० वर्षे यायला हवे. तसे होण्याचे कारण नाही, कारण इथले तळे पावसाच्या आणि ओढ्याच्या पाण्यावर भरते, हजारो वर्षे खडकात मुरलेल्या पाण्यावर नव्हे. एकच प्राणी वेगळ्या पाण्यात वेगळे वय दाखवतो. पद्धतीविरुद्ध म्हणून पुढे केलेला साक्षीदार असा उलटतो.

दुरुस्तीचा आकडा उत्तराला साजेसा निवडतात, हा पुढचा आरोप. तो खरा असता तर गंभीर होता. पण हा आकडा जुन्या अवशेषांवरून काढलेलाच नसतो. त्यासाठी लागतात असे शिंपले की जे कोणत्या वर्षी, कोणत्या किनाऱ्यावर जिवंत गोळा केले याची नोंद आहे, आणि जे अणुचाचण्यांच्या आधीचे आहेत. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ १९६३च्या सुमारास जवळपास दुप्पट केला. त्यानंतरचा शिंपला या कामाला निरुपयोगी. मग उरतात संग्रहालयांतली जुनी कवचे, चिठ्ठी चिकटवलेली, कपाटात पडून राहिलेली. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतले दत्ता, भूषण आणि सोमयाजुलू यांनी उत्तर हिंदी महासागरासाठी नेमके हेच केले. १९३० ते १९५४ या काळात गोळा केलेली सात कवचे त्यांनी मोजली आणि निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. गोळा केल्याचे वर्ष आधीच ठाऊक असल्याने तिथे उत्तराला साजेसे काही निवडायला जागाच नव्हती.

याच सात कवचांवर ‘सरसकट चारशे’वाल्यांचाही मुद्दा निकालात निघतो. अरबी समुद्रातल्या कवचांची वये ४३४ पासून ६९३ वर्षांपर्यंत आली, बंगालच्या उपसागरातली ४०८ पासून ५११ पर्यंत. जगाच्या सरासरीपासून एखाद्या समुद्राचा जो फरक पडतो त्याला ‘डेल्टा-आर’ म्हणतात. तो उत्तर अरबी समुद्रासाठी १६३ अधिक-उणे ३० वर्षे आणि दक्षिण बंगालच्या उपसागरासाठी ३२ अधिक-उणे २० वर्षे निघाला. म्हणजे अरबी समुद्रातल्या शिंपल्यातून चारशे नव्हे, साधारण साडेपाचशेहून अधिक वर्षे वजा व्हायला हवीत. कारण मोसमी वाऱ्यांत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलतात आणि त्या जागी खालचे थंड, जुने पाणी वर येते. बंगालच्या उपसागराच्या माथ्यावर मात्र गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी पसरलेले असते आणि खालचे पाणी सहजी वर येत नाही. एकाच देशाचे दोन किनारे, तरी आकडे दोन. चारशे हा जागतिक सरासरीचा आकडा आहे. पाठ करायला सोपा, म्हणून टिकला.

चारशेच्या आकड्याला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे आणि जुन्या तारखा वापरणाऱ्यांना ती हमखास फसवते. झाडे हवेतून कार्बन घेताना जड समस्थानिके थोडी टाळतात. शिंपले फारशी टाळत नाहीत. हा फरक कार्बन-१३ च्या मापनावरून दुरुस्त केला जातो. लाकडाचे कार्बन-१३ मूल्य उणे २५ प्रति हजार आणि समुद्री कवचाचे शून्याच्या आसपास असते. प्रति हजार एका एककामागे सुमारे १६ वर्षे, म्हणजे पंचवीस एककांमागे चारशे वर्षे. ही दुरुस्ती केली की शिंपल्याचे वय चारशे वर्षांनी वाढते. योगायोग असा की समुद्रातल्या जुन्या कार्बनच्या साठ्यामुळे वजा करायची सरासरीही चारशेच आहे. अनेक जुन्या प्रयोगशाळा कार्बन-१३ ची दुरुस्ती करत नसत. त्यांनी दिलेल्या शिंपल्यांच्या तारखा त्यामुळे आपोआप जवळपास बरोबर आल्या. दोन चुकांनी एकमेकींना खोडले. आता अशी जुनी तारीख घेऊन कोणी तिच्यातून पुन्हा चारशे वजा केली, तर तो एकच दुरुस्ती दोनदा करतो आणि शिंपला चारशे वर्षांनी तरुण होतो. अरबी समुद्राच्या बाबतीत तर दोन चुका पूर्ण खोडल्याही जात नाहीत. दीडशेच्या आसपास वर्षे बाकी उरतात.

भारतीय पुरातत्त्वात हा धोका पुस्तकी नाही. देशातली पहिली कार्बन-१४ प्रयोगशाळा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभी राहिली आणि पुढे अहमदाबादला गेली. डी. पी. अग्रवाल आणि शीला कुसुमगर यांच्या १९७४ च्या पुस्तकासारख्या लेखनातून तिथल्या तारखा पसरल्या. त्या काळच्या लेखनात कार्बन-१४ पद्धतीचे जनक लिबी यांचे ५५६८ वर्षांचे अर्धायुष्य आणि नंतरचे ५७३० वर्षांचे अर्धायुष्य, या दोन्हींवर काढलेल्या तारखा शेजारीशेजारी सापडतात. दोहोंत तीन टक्क्यांचा फरक आहे. पाच हजार वर्षांच्या तारखेत दीडशे वर्षांचा. कोणती दुरुस्ती आधीच झाली आहे हे न पाहता केलेली वजाबाकी म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातून रक्कम काढण्यासारखेच आहे.

समुद्रापासून पाचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर परसोपंतसारख्या गावाला याचे काय, असा प्रश्न पडेल. समुद्राचे कवच तिथे घरोघर आहे: देवघरात शंख, पोळ्याला बैलांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा. जुन्या काळात शंखाच्या बांगड्या विदर्भापर्यंत येत. जुन्या गावठाणाच्या पांढरीत नांगराच्या फाळाने कधी वर आलेला तुकडा ओळखायला अवघड नसतो: बोटभर रुंदीचा, किंचित वाकलेला, दाट पांढरा, आणि आतल्या बाजूला करवतीच्या समांतर रेघा. शंख आडवा कापून त्याच्या चकत्या केल्या जातात, त्या चकत्यांची बांगडी होते. हा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. तो मिळतो दोनच मोठ्या भागांत: कच्छ-सौराष्ट्राचा किनारा आणि तमिळनाडू-श्रीलंकेमधले मन्नारचे आखात.

समजा, नेरच्या पांढरीतल्या अशा तुकड्याचे, कार्बन-१३ ची दुरुस्ती करून, वय २५०० वर्षे आले. काहीही वजा न करता हा आकडा वाचला, तर तुकडा इसवी सनापूर्वी आठव्या ते सहाव्या शतकात जातो, म्हणजे विदर्भातल्या महापाषाणीय काळात, जिथे माहूरझरी आणि नायकुंडची शिळावर्तुळे आहेत. सौराष्ट्राचा शंख धरून सुमारे ५६० वर्षे वजा केली तर १९४० उरतात, आणि तुकडा इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास, ऐन सातवाहनकाळात येतो. मन्नारचा शंख धरून दक्षिण बंगालच्या उपसागराचा आकडा वापरला, तर २०७० उरतात, म्हणजे इसवी सनापूर्वीचे दुसरे-पहिले शतक. (वजाबाकी इथे फक्त समजण्यासाठी; प्रत्यक्षात कार्बन-१४ वयाचे खऱ्या वर्षांत रूपांतर करणारा, समुद्रासाठीचा वेगळा कालांकन-वक्र वापरतात.) तुकडा एक, मोजमाप एक, आणि काळ तीन. दुरुस्ती न करणारा माणूस सातवाहनकाळातली बांगडी महापाषाणीय बाईच्या हातात घालतो. दुरुस्ती करणाऱ्यालाही नेरची माती काही सांगत नाही. शंख कोणत्या समुद्रात जगला, हेच उत्तर ठरवते. उत्खननाच्या नोंदींत सापडल्या जागेचे अक्षांश-रेखांश अगदी काटेकोर असतात आणि शंखाच्या समुद्राबद्दल मात्र एक ओळही नसते, हा प्रकार सोडायला हवा.

एक सापळा अलीकडचा आहे. २०२० साली समुद्रासाठीचा नवा वक्र, ‘मरीन-२०’, प्रसिद्ध झाला. आधीच्या वक्रात सरासरी साठा-वय, म्हणजे समुद्राच्या पाण्यामुळे वाढणारी वर्षे, चारशेच्या आसपास होते. नव्यात ते साडेपाचशेच्या आसपास धरले आहे. त्यामुळे २००१ साली काढलेले १६३ हे मूल्य नव्या वक्रासोबत तसेच वापरता येत नाही; ते सुमारे दीडशे वर्षांनी कमी होते. संगणकावर नवा वक्र निवडायचा आणि जुन्या लेखातला डेल्टा-आर उचलून भरायचा, असे केले की शिंपला पुन्हा दीडशे वर्षांनी तरुण. चूक ढोबळ वाटत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात.

यवतमाळातल्या नदीच्या शिंपल्यांना समुद्राची दुरुस्ती लावणे तर सरळ चूक. बेंबळा, पैनगंगा, वर्धा यांच्या पात्रांत मिळणाऱ्या शिंपल्यांचा समुद्राशी संबंध नाही. त्यांच्यासाठी पाहावा लागतो खडक. नेरचा परिसर बेसाल्टचा आहे. बेसाल्टमध्ये जुना कार्बोनेट फारसा नसतो, तरी काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांतून थोडा जुना कार्बन ओढ्यात उतरू शकतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वणी-मुकुटबनकडे चुनखडकाचे जाड थर आहेत. तिथल्या पाण्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन विरघळतो, त्यात कार्बन-१४ चा अंशही नसतो. एकाच जिल्ह्यात, एकाच जातीच्या शिंपल्याला नेरला एक आणि वणीला दुसरी दुरुस्ती लागावी, हे अपेक्षितच आहे. आणि विदर्भात लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या दगडी गोगलगायी, ज्यांचे वर्णन हिस्लॉप आणि हंटर यांनी १८५० च्या दशकात नागपूरच्या परिसरातून केले, त्या कार्बन-१४ साठी पाठवण्याचा आग्रह अधूनमधून होतो. त्या साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या आहेत. पद्धतीची मर्यादा पन्नास हजार वर्षांची. तिथे कुठलीच दुरुस्ती कामाची नाही.

कोकणच्या खाड्यांत उलटा प्रकार होतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या बेसाल्ट आणि जांभ्यावरून वाहतात. वाटेत चुनखडक जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात खाडीत येणाऱ्या गोड्या पाण्यातला कार्बन मातीतून आलेला, म्हणजे बहुतेक ताजा असतो. म्हणून खाडीच्या आत वाढलेल्या तिसऱ्या किंवा कालवे यांचे साठा-वय खुल्या समुद्रापेक्षा कमी असू शकते, आणि तोंडाशी वाढलेल्यांचे जास्त. चिखल चाटून जगणारी गोगलगाय आणि पाणी गाळून खाणारे कालव, यांच्यातही फरक पडतो. किनाऱ्यावरचा ‘करल’ हा शिंपले आणि वाळू चिकटून झालेला दगड तर आणखी सांभाळून वापरायला हवा. त्यात शिंपल्यांना बांधणारा चुन्याचा लेप नंतर बसलेला असतो. सगळा दगड दळून मोजला तर वय शिंपल्याचेही नसते आणि लेपाचेही नसते. ही गडबड साठा-परिणामाची नाही, पण तिचे खापर बऱ्याचदा त्याच्यावर फोडले जाते.

शिंपल्याच्या चुन्याची गत वेगळीच. भट्टीत शिंपला भाजला की त्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो. भिजवलेला चुना भिंतीत घट्ट होताना नवा कार्बन हवेतून घेतो. म्हणून नीट भाजलेल्या आणि पूर्ण घट्ट झालेल्या शिंपल्याच्या चुन्याला समुद्राची दुरुस्ती लागतच नाही. लावली, तर बांधकाम साडेपाचशे वर्षांनी पुढे ओढले जाते. अर्धवट भाजलेला शिंपल्याचा कण मात्र चुन्यात राहून गेला, तर त्या कणापुरता समुद्र परत येतो, म्हणून असे कण वेचून वेगळे काढावे लागतात.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. संग्रहालयातल्या कवचांवरून मिळालेला आकडा विसाव्या शतकातल्या समुद्राचा आहे. मोसमी वारे कधी जोरदार, कधी मंद राहिले आहेत. त्यांच्यासोबत खालचे पाणी वर येण्याचे प्रमाणही बदलले असणार. आठ हजार वर्षांपूर्वीच्या शिंपल्याला १६३ हाच आकडा लावणे म्हणजे तेव्हाचा समुद्र आजच्यासारखाच होता असे गृहीत धरणे. पण यावरून निघते ते इतकेच, की जितके मागे जावे तितकी अनिश्चितता वाढवून लिहावी. पद्धत टाकून द्यावी, हे त्यातून निघत नाही. अधिक-उणे ३० चा आकडा आठ हजार वर्षांमागे तसाच छापणाऱ्यांवर टीका जरूर व्हावी. ती गणितावर नव्हे, आत्मविश्वासावर.

नेरच्या पांढरीतल्या त्या तुकड्याचा प्रश्न सोडवण्याची वाट त्याच थरातून जाते. बांगडीशेजारी चुलीतला जळालेला दाणा मिळाला, तर त्याने कार्बन थेट हवेतून घेतलेला असतो. दाणा एकाच हंगामाचा, त्यामुळे वापराच्या खूप आधी वाढलेल्या जुन्या लाकडाची अडचण त्याला नाही. तारीख दाण्यावरून ठरवावी. शंखाचे वय तरीही मोजावे आणि दोहोंतला फरक नोंदवावा. फरक ५६० च्या जवळ आला, तर शंख सौराष्ट्राकडून आल्याची शक्यता वाढते. ४३० च्या जवळ आला, तर मन्नारकडून. एका जोडीवर असा निर्णय होत नाही, कारण बांगडी आजीकडून नातीकडे गेलेली असू शकते आणि दाणा त्याच वर्षीचा; त्याच थरातल्या अनेक जोड्या लागतात. अहवालात प्रत्येक जोडीसमोर प्रयोगशाळेचा क्रमांक, न वजावलेले वय, कार्बन-१३ चे मूल्य, वापरलेल्या वक्राचे नाव आणि डेल्टा-आर एवढे छापले, तर पुढचा वाचक नवा वक्र आल्यावरही तीच तारीख नव्याने काढू शकतो.